पापण्या उघड्या धरणारा चिमटा

मी एक जुना तारेचा चिमटा आहे, मित्रांनो. करंगळीपेक्षा आखूड आणि गव्हाच्या काडीहून बारीक. तुम्ही मला पाहिलं असण्याची शक्यता कमीच. ज्यांची आणि माझी गाठ पडली, ती माणसं तेव्हा इतकी लहान होती की त्यांना अजून नावंही ठेवलेली नव्हती. मी जवळ आलो की ती डोळे घट्ट मिटून घेत आणि मी निघेपर्यंत रडत. मैत्री व्हायला तेवढ्यात सवड कुठली?

चिमटा म्हटलं की तुम्हाला स्वयंपाकघरातला, निखारे उचलणारा चिमटा आठवेल. माझं काम त्याच्या उलट आहे. तो दाबून धरतो, मी उघडं धरतो. माझ्या दोन्ही टोकांना तारेचेच दोन वळसे आहेत. एक वरच्या पापणीखाली, एक खालच्या पापणीखाली सरकवायचा आणि सोडून द्यायचं. मग माझ्या अंगातला ताण पापण्यांना दूर ठेवतो आणि डॉक्टरांना डोळ्याच्या आत, अगदी तळापर्यंत पाहता येतं.

माझा जन्म हैदराबादच्या एका गल्लीतला. डॉक्टरी हत्यारं बनवणारा एक बुजुर्ग कारागीर तिथे बसत असे. मोठ्या माणसांच्या डोळ्यांचे चिमटे तो रोज करी. माझं माप पाहून मात्र तो थांबला.

"इतनी छोटी आँख किसकी है, साब?" त्याने विचारलं.

समोर उभ्या असलेल्या डॉक्टर नरसिंगरावांनी उत्तर दिलं, "जो वक्त से पहले आ गया, उसकी."

कारागीर कामाला लागला. त्याने माझी टोकं वाकवली, घासली, पुन्हा घासली. मग मला स्वतःच्या पापणीवरून फिरवून पाहिलं आणि तिसऱ्यांदा घासायला घेतलं. त्या घासण्याला मी आजही मानतो. माझ्या अंगाला कुठेही धार नाही.

आता माझी गरज काय, तेही सांगतो. बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्ताच्या नसा वाढत असतात. त्या मधून निघतात आणि हळूहळू कडेकडे सरकतात. शेवटची कड गाठायला त्यांना जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. जे बाळ सातव्या महिन्यातच बाहेर येतं, त्याच्या पडद्याची कड रिकामी असते, पेरणी अर्धी राहिलेल्या वावरासारखी. बहुतेक बाळांचं उरलेलं काम बाहेर आल्यावर नीट पुरं होतं. काहींचं होत नाही. नसा वाट चुकतात, नको तिथे झुपक्याने वाढतात आणि पडद्याला ओढू लागतात. जीव वाचवायला दिलेला प्राणवायू बेताने दिला गेला नाही, तर हा धोका वाढतो. पडदा एकदा सुटला की दृष्टी सहसा परत येत नाही.

आणि हे सगळं घडत असताना बाहेरून काही दिसत नाही. डोळा टपोरा, काळाभोर असतो. म्हणून महिन्याच्या आत एकदा आत डोकावून पाहावं लागतं. वेळेवर सापडलं तर त्या रिकाम्या कडेवर लेझरचा उजेड टिपक्याटिपक्याने मारतात आणि वाट चुकलेल्या नसा शांत होतात.

ही गोष्ट आंध्र प्रदेश अजून एक होता तेव्हाची. डॉक्टर नरसिंगराव दर पंधरवड्याला हैदराबादहून जीपने आदिलाबादला येत. तिथल्या सरकारी रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळांचा एक वॉर्ड होता. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा असे, हातात भिंग असे. मी एका लहानशा स्टीलच्या डबीत असे. तपासणी झाली की दिवा कौतुकाने पुसला जाई, भिंगाला मखमली पिशवी मिळे. मला उकळून डबीत बंद करत. पुढच्या पंधरवड्यापर्यंत अंधार. एकदा मोठे अधिकारी वॉर्ड पाहायला आले, त्यांनी दिव्याचे फोटो काढले. मी कापसाखाली होतो.

वॉर्डात पद्मिनी नावाच्या सिस्टर होत्या. कधीच्या काळी आदिलाबादला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. बाळाला दुपट्यात गुंडाळून त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरायचं काम त्यांचं. मी पापणीखाली गेलो की बाळ टाहो फोडी आणि त्या म्हणत, "झालं रे राजा, झालं." मला वाटे, हे शब्द थोडे माझ्यासाठीही असावेत. ते तसे नव्हते, हे मला माहीत होतं.

मग ते बंदचं वर्ष उजाडलं. वेगळ्या राज्यासाठी संप सुरू झाला, बसगाड्या आगारात उभ्या राहिल्या, रस्ते अडले. त्याच दिवसांत राज्याच्या सीमेवरच्या बेला गावच्या वनमालाबाईंना सातव्या महिन्यात जुळी मुलं झाली. दोघं मिळूनही एका धडधाकट बाळाएवढी नव्हती. थोरला वॉर्डातच गेला. धाकटा तगला, वजन धरू लागला. त्याचे डोळे तपासायचा दिवस आला तेव्हा डॉक्टरांची जीप रस्त्यातच अडवली गेली आणि परत फिरली. मी डबीत, डबी पेटीत, पेटी जीपमध्ये. पुढच्या वेळी आम्ही पोचलो, तेव्हा बाळाला घरी सोडलं होतं.

पद्मिनी सिस्टरांनी बाळाच्या बापाला, खुशालला, फोन केला. तो म्हणाला, "आई नाही म्हनते. सव्वा महिना झाल्यावर आनतो."

बेल्याकडच्या कित्येक घरांत अशी रीत आहे. सव्वा महिन्यानंतर विहिरीची पूजा करायची आणि मगच बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा. तोवर त्यांना अंधाऱ्या खोलीत, शेगडीच्या उबेत ठेवतात आणि बाळाच्या उशाशी लोखंड म्हणून विळा असतो.

फोन ठेवून सिस्टर म्हणाल्या, "सर, बाळाने उंबरा ओलांडायचा नाही. आपण ओलांडू नये, असं कोणी म्हटलेलं नाही."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पेटी उचलली.

बेल्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कपाशी उभी होती आणि बोंडं नुकती फुटू लागली होती. हे मी सिस्टरांच्या बोलण्यावरून सांगतो. मला दिसत होता तो डबीतला काळोख आणि कळत होते ते खड्डे.

घराच्या दारात आजी उभ्या होत्या. खुशालच्या आई, चंद्रभागाबाई. त्यांनी पहिल्याच वाक्यात हिशेब चुकता केला.

"तुमच्या दिवशी तुमी आले नाही, आन आता आमच्या सव्वा महिन्यात आमाले बोलावता काऊन?"

"म्हणून तर आलो, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "चूक आमची. पाय धुऊन आत येतो."

आजींनी पाण्याचा तांब्या आणला. डॉक्टरांचे बूट बाहेर काढून ठेवायला लावले. "हा मानूस ताडासारखा वाढला, पन मोजे फाटके हायेत याचे," त्या खुशालला म्हणाल्या. डॉक्टरांना मराठी थोडं कळत असे. त्यांनी मोजेही काढले आणि आजींनी दोघांच्या पायांवर पाणी घातलं.

खोलीत खिडकी नव्हती. सिस्टर वॉर्डात बसून अशा खोल्यांना नेहमी नावं ठेवत. पण आमची तपासणी अंधारातच करावी लागते आणि वॉर्डात आम्हाला पडदे ओढून, फटींना कापड लावून अंधार करावा लागे. इथे तो आधीच तयार होता. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की शेगडी बाहेर न्या, धूर नको. बाळाच्या डोळ्यांत थेंब टाकले गेले. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो, तोवर सगळे थांबले. वनमालाबाई बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

मग डबी उघडली. मी पापणीखाली गेलो. बाळ रडलं.

"अवो, डोया फाडता का त्याचा?" आजी ओरडल्या.

"झालं रे राजा, झालं," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर एकेका कडेने पाहत गेले. उजवा डोळा, मग डावा. मग पुन्हा उजवा. ते दुसऱ्यांदा पाहतात तेव्हा काय समजायचं, ते मला ठाऊक होतं. दिवा विझवून ते तेलुगूत हळू बोलले. सिस्टरांचे हात बाळाच्या डोक्याभोवती तसेच राहिले.

"काय म्हनते तो?" आजींनी विचारलं.

"मावशी, दोन्ही डोळ्यांत नसा वाकड्या गेल्या आहेत. उद्या लेझर व्हायला पाहिजे. हैदराबादला."

"मंग सव्वा महिन्यानं नेऊ ना. आता थोडेच रोज राह्यले."

"तेवढ्यात पडदा सुटेल. मग लेझरचाही उपयोग नाही."

"डोये तं कसे टपोरे हायेत त्याचे! मी बोलली का माह्याकडे पाहून राह्यते तो."

सिस्टरांनी बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "तो तुमच्या आवाजाकडे वळतो, मावशी."

डॉक्टर जमिनीवर उकिडवे बसून आजींशी बोलू लागले. "अम्मा, बच्चा बाहर आ गया. पर उसकी आँख समझती है, अभी माँ के पेट में है. अभी बन रही है. मैं आज ही वापस जा रहा हूँ. गाडी में जगह है. मेरे साथ चलो."

"एक गेलं," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "हे एक उरलं. आता याच्या बाबतीत मी कोनताच नेम मोडनार नाही, बाप्पा. कोनी काही म्हना."

खुशाल दाराशी उभा होता. तो आईकडे पाही, डॉक्टरांकडे पाही. त्याच्याने निर्णय होणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. मी ट्रेमध्ये ओल्या अंगाने पडून होतो. मला एवढंच कळत होतं की या खोलीतून जीप रिकामी निघाली, तर ह्या डोळ्यांत मी पुन्हा जाईन तेव्हा आत पाहण्यासारखं काही उरलेलं नसेल.

तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलेल्या वनमालाबाई बोलल्या.

"आत्या, मोठ्यानं कोनता उंबरा ओलांडला होता जी?"

सासूबाईंनी वळून पाहिलं.

"तो तं घरी आलाच नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "त्याच्या वक्ती आपन कोनताच नेम मोडला नव्हता. तरी गेला."

बाहेर शेगडीतला कोळसा तडकला. आजी पुढे झाल्या. त्यांनी बाळाच्या उशाखालून विळा काढला आणि पदराने पुसला.

"मंग हा विळा संग येईन," त्या म्हणाल्या. "पोराच्या उशाशी. लोखंडाबिगर मी त्याले उंबऱ्याबाहेर काढत नाही."

"मावशी, चालत्या जीपमध्ये विळा? वाटेत निर्मलच्या घाटात वळणावर उसळला तर काय होईल?"

"मंग जात नाही."

सगळं पुन्हा तिथेच अडलं. एका विळ्यावर. सिस्टर डॉक्टरांना तेलुगूत समजावू लागल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, ट्रेमध्ये हात घातला आणि मला उचलून आजींच्या तळहातावर ठेवलं.

"ये भी लोहा है, अम्मा. ये रखो."

आजींनी मला दाराच्या उजेडात नेलं. उलटंसुलटं पाहिलं, टोकावरून बोट फिरवलं.

"इवलंसं! याले तं धारच नाही. हे काय राखन करीन?"

"धार नाही म्हणूनच ते त्याच्या डोळ्यात जाऊ शकतं, मावशी," सिस्टर म्हणाल्या.

आजींनी मला आणखी एकदा बोटाने चाचपलं. "बरं," त्या म्हणाल्या. "पन डबीसकट द्या. हरवलं तं तुमीच बोंबलसान."

मला स्पिरिटने पुसून, स्वच्छ कापडात गुंडाळून डबीत ठेवलं. डबी बाळाच्या गोधडीत, डोक्यापासून चार बोटांवर खोचली. आजींनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली आणि बाळाला घेऊन आधी स्वतः उंबरा ओलांडला. मागोमाग वनमालाबाई निघाल्या.

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला जर काही मिळालं असेल, तर तो प्रवास. तोवर मी डबीतल्या अंधारात एकटाच असे. त्या दिवशी डबीच्या भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. इतका हलका, की रस्ता खराब लागला की ऐकू येईनासा होई आणि मी वाट पाही. घाटात जीप वळली तेव्हा बाळाचं डोकं कलंडून डबीला टेकलं. ऊब आत आली. ते रडलं नाही. माझ्याजवळ असून न रडलेलं ते पहिलं बाळ.

"हळू चालव रे बाप्पा," आजी डॉक्टरांना दटावत होत्या, "हे कापसाचं गाठोडं नोहे."

"जी, अम्मा," डॉक्टर म्हणाले, आणि खरंच हळू चालवू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा उकळलं आणि लेझर झाला. हिरव्या उजेडाचे टिपके एकामागून एक पडद्याच्या रिकाम्या कडेवर पडत होते. बाळ रडून रडून थकलं, हुंदके देऊ लागलं, पण पापण्या मिटायचा जोर काही कमी झाला नाही. तेवढ्याशा पापण्यांत एवढा जोर असतो, हे डॉक्टरांना बाहेरून कळायचं नाही. मला कळायचं. मी सुटलो असतो तर उजेड भलतीकडे गेला असता. मी सुटलो नाही. त्याच्या दृष्टीने मी तेव्हा जगातली सगळ्यात वाईट वस्तू होतो, आणि मला तसंच राहणं भाग होतं.

काम झाल्यावर आजींनी डबी परत मागितली. "राखनीचं हाय ते," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. वॉर्डात दुसरी बाळं होती. डबी पेटीत गेली, तेव्हा बाळ झोपलं होतं. त्याला काही कळलं नाही.

पुढची खबर पद्मिनी सिस्टरांच्या तोंडून तुकड्यातुकड्याने कानावर आली. नसा शांत झाल्या. सव्वा महिना भरल्यावर बेल्यात विहिरीची पूजा झाली आणि बाळाचं नाव दौलत ठेवलं गेलं. उजवा डोळा चांगला राहिला, डावा थोडा अधू. तो मोठा होईपर्यंत अधूनमधून तपासत राहायचा होता.

मी काम करत राहिलो. इंद्रवेल्ली गावची बाळं आली, तलमडुगूची आली. काही वेळेवर आली. काही फार उशिरा आणली गेली. तेव्हा डॉक्टर भिंग खाली ठेवत आणि कुणाकडेही न पाहता दिवा विझवत. त्या बाळांच्या पापण्याही मीच उघड्या धरल्या होत्या. त्यांना उजेड दिसत होता की नाही, ते मी सांगू शकत नाही.

तार कितीही चांगली असली तरी तिचा ताण कधीतरी ओसरतो. एकदा तपासणीच्या मध्येच एक पापणी माझ्यावरून निसटली. डॉक्टरांनी मला बोटांत धरून दाबून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि पुढच्या खेपेला नवा चिमटा आणला. मी आदिलाबादच्या वॉर्डातच एका ड्रॉवरमध्ये राहिलो. शेजारी गंजलेली कात्री आणि बंद पडलेला थर्मामीटर. डबीही गेली, ती नव्याला मिळाली. ड्रॉवर क्वचितच कोणी उघडत असे. बाहेर नवं राज्य होणार अशी बोलणी चालली होती. आत काहीच होत नव्हतं.

त्याच सुमारास, उन्हाळ्यातल्या एका सकाळी पद्मिनी सिस्टरांनी टॉर्चचे सेल शोधायला ड्रॉवर ओढला आणि तो उघडाच ठेवून त्या वळल्या. एक लहान हात आत आला. हाताच्या मागून मोठा चष्मा, आणि चष्म्याला मागे इलास्टिकची पट्टी. त्याने मला उचललं. माझा वळसा चष्म्यासमोर धरून त्यातून खिडकीबाहेर पाहिलं.

"बकरी!" तो ओरडला.

"दौलत, ठेव ते खाली," मागून आवाज आला. तो मी ओळखला. आजी वाकल्या आणि थबकल्या. "सिस्टरबाई, हे तेच लोखंड ना?"

"तेच, मावशी. आता कामाचं नाही राहिलं."

"मंग द्या ना मले. याच्या उशाशी ठेवीन."

"सरकारी वस्तू आहे, मावशी. नाही देता येत."

"घ्या! कामाचं नाही, आन देतही नाही. अशानं कसं होईन सरकारचं?"

दोघी हसल्या. दौलतने मला ड्रॉवरमध्ये टाकलं आणि बकरीकडे धावला. ड्रॉवर बंद झाला. तो अजून बंदच आहे.

माझी तक्रार नाही, मित्रांनो. मला घासूनपुसून ठेवा, असंही मी म्हणणार नाही. माझं मागणं दुसऱ्याच कुणासाठी आहे. तुमच्या घरी, शेजारी एखादं बाळ दिवसांच्या आधी आलं, तर त्याच्या टपोऱ्या डोळ्यांवर विसंबू नका. महिना उलटायच्या आत ते डोळे आतून तपासून घ्या. घरची रीत आड आली, तर रीत सांभाळणाऱ्या म्हातारीजवळ बसा, तिचं ऐका, तिचं लोखंड सोबत घ्या, पण निघा. ते बाळ रडेल. रडू द्या.

मी तुमच्या कुणाच्या आठवणीत राहणार नाही, तसा राहण्याजोगा माझा चेहराही नाही. पण दौलतने मला खिडकीच्या उजेडात धरलं, तेव्हा चष्म्यामागून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते. मी न धरता उघडे असलेले डोळे इतक्या जवळून मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.